एडक्याशेजारचा पिंजरा

शेडच्या दाराजवळच्या पिंजऱ्यात काल संध्याकाळी सशाची पाच पिल्लं होती. भिंगरीने सकाळी कान मोजले. दहा भरले. पण त्यातले चार कान हलत नव्हते.

तिने पाण्याची बादली खाली ठेवली आणि जाळीतून बोट आत घातलं. मोठा राखाडी नर, ज्याला ती लाटसाहेब म्हणायची, तो एका कुशीवर पडला होता. कालच तो सगळ्यांच्या डोक्यावर पाय देऊन ताटलीपाशी पहिला पोचला होता. आता त्याचं पोट नगाऱ्यासारखं तट्ट फुगलेलं, मागचे पाय घाणीने बरबटलेले. शेजारी त्याची पांढरी बहीण, अजून कोमट.

“बाबा!”

बाबा आले ते हातात फावडं घेऊनच आले. नुसत्या हाकेला फावडं घेऊन येण्याइतकी वेळ त्या घरावर दहा दिवसांत आली होती.

“किती?” त्यांनी विचारलं.

“दोन. लाटसाहेब पण.”

बाबांनी लाटसाहेबाला दोन्ही हातांनी उचललं. खाणीत बारा वर्षं दगड फोडून त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा वाकडा झाला होता, सरळ व्हायचंच नाव घेत नसे. त्या वाकड्या अंगठ्याने त्यांनी पिल्लाचा कान नीट मागे सारला, जसं काही त्याला गार वाटेल.

दहा दिवसांपूर्वी तीन माद्यांची एकवीस पिल्लं दुधावरून तोडली होती. आबांनी, म्हणजे बाबांच्या वडिलांनी, आपल्या सुतारकीचं सगळं कसब पणाला लावून तीन नवे पिंजरे ठोकले होते. पिल्लं सरमिसळ करून दाराजवळच्यात आठ, मधल्यात सात आणि पार टोकाच्यात सहा ठेवली. चौथ्या दिवसापासून पिल्लं मरायला लागली. आजारी दिसत नसत, हे सगळ्यात वाईट. संध्याकाळी उड्या मारायची, सकाळी थंड. आजची धरून सात गेली.

आणि रविवारी खाणीचा ट्रक येणार होता.

मुकादमाने निरोप धाडला होता: यायचं असेल तर रविवारी सकाळी फाट्यावर उभं राहा, नाहीतर दुसरा माणूस घेतो. बाबांनी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. फक्त माळ्यावरची जुनी पिशवी काढून, झटकून खुंटीला लावली होती. भिंगरी जन्मली तेव्हापासून बाबा वर्षातून दोनदा घरी यायचे, पाहुण्यासारखे. ह्या वर्षी आठ महिने सलग घरात होते. सशांच्या जिवावर. त्या पिशवीकडे भिंगरीला बघवत नव्हतं, तरी जाता-येता तिची नजर तिथेच जायची.

शेडच्या मागे बाबा खड्डा खणत होते आणि घरातली सगळी एकेक करून जमा झाली.

“हाताळून हाताळून मारली हिने,” आत्या म्हणाली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. गावाचे कपडे शिवायची, मोजपट्टी कायम गळ्यात. “शाळेतून आली की घे कडेवर, शाळेला निघाली की घे कडेवर. ससे आहेत की बाहुल्या?”

“मग तू का हात लावतेस? परवा तुझ्या मांडीवर कोण होतं?”

“मी माप घेत होते.”

“सशाचं? झबलं शिवणार होतीस?”

“ए, तोंड आवर,” आई म्हणाली. ती गिरणीत कामाला होती. पहाटेची पाळी करून आलेली, भुवयांपासून चपलांपर्यंत पिठाने पांढरी. “मी परत उकळत्या पाण्याने पिंजरे धुते. आणि काय करू?”

“पिंजऱ्यांना दोष नाही द्यायचा,” आबा काठी आपटून म्हणाले. “माझ्या पिंजऱ्यात हवा आहे, उजेड आहे, खालून लेंड्या पडायला जाळी आहे. माणसांना एवढं चांगलं घर मिळत नाही. वारा लागतोय पोरांना. दाराला अजून दोन पोती लाव.”

बाबांनी कालच पोती लावली होती. परवा काढली होती. त्याआधी लावली होती.

तेवढ्यात कुंपणापाशी गवंड्याची बायको टोपली घेऊन उभी राहिली. तिने आठवड्यापूर्वी मुलांसाठी एक जोडी निवडून ठेवली होती. तिने खड्डा पाहिला, फावडं पाहिलं, आणि टोपलीतला कपडा उगाच सारखा केला.

“असू दे हो,” ती म्हणाली. “पुढच्या खेपेला नेईन. साथ असली तर आमच्या कोंबड्यांना… तुम्ही समजून घ्या.”

“समजतं ना,” बाबा म्हणाले. आणि ती गेल्यावर मातीवर फावड्याची पाठ त्यांनी जरा जास्तच जोरात मारली.

आबा खिशातून एक पुडी काढून म्हणाले, “गाईच्या वेळचं औषध उरलंय. पाण्यात कालवू का?”

बाबांनी फावडं टेकवलं. लाटसाहेबाला त्यांनी अजून खड्ड्यात ठेवलंच नव्हतं.

“नको,” ते म्हणाले. “आज गुरुवार. दवाखान्यात डॉक्टरीण असते. भिंगरे, बुटांचं खोकं आण. आणि ओलं फडकं.”

*

सायकलच्या कॅरियरवर बसून मांडीवर मेलेला ससा घेऊन जाणं ही काही मिरवायची गोष्ट नव्हे. वाटेत वर्गातल्या दोन मुली भेटल्या. “नवीन बूट?” एकीने ओरडून विचारलं. “हो!” भिंगरी ओरडली, आणि खोकं छातीशी धरलं.

खोक्यापेक्षा जड होतं ते दुसरंच. रोज शाळेच्या डब्यातला पाव ती अर्धा वाचवायची आणि जाता-जाता लाटसाहेबाला द्यायची. अर्धा म्हणजे अगदी चार तुकडे. दूध तुटलेलं, आई नाही, बिचारा. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती बोलायला तोंड उघडायची आणि समोर बाबांची पाठ दिसायची, चढावर सायकल रेटताना घामाने भिजलेली. तोंड आपोआप मिटायचं.

जनावरांच्या दवाखान्यात म्हशी होत्या, एक लंगडा घोडा होता, आणि शिपाई होता.

“काय आणलंय?”

“ससा.”

“ससा?” शिपाई म्हशीवाल्यांकडे बघून हसला. “तो दवाखान्यात नाही आणत, पातेल्यात घालतात!”

म्हशीवाले खो खो हसले. बाबांचे कान लाल झाले. ते रांगेत उभे राहिले, म्हशीच्या मागे. घोड्यामागून आलेला एक मेंढीवाला त्यांच्या पुढे घुसला, तरी काही बोलले नाहीत. भिंगरीलाच राहवलं नाही.

“ओ काका, रांग आहे! आमचा मेलाय म्हणून त्याला घाई नाही असं समजू नका.”

आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, “कोण मेलंय? त्याला आधी आत आणा. जिवंत थांबतील.”

डॉक्टरीणबाईंच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली होती. त्यांनी पत्र्याच्या ताटात लाटसाहेबाला उताणं ठेवलं, पोटावर टिचकी मारली, आणि आतून पाणी डुचमळल्याचा आवाज आला. मग त्यांनी कात्री घेतली. “बघवत नसेल तर बाहेर जा, पोरी.”

“बघवतंय,” भिंगरी म्हणाली. बाबांनीच तोंड फिरवलं.

आतडी वाऱ्याने फुगलेली, आत पिवळट चिकट पाणी. बाईंनी थेंबभर घेऊन काचेवर ठेवला, नळीतून एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. “जंतू आहेत, पण जीव जाण्याइतके नाहीत.” मग जठर उघडलं. “काय खायला घालता?”

बाबा एकदम ताठ झाले. ह्या विषयात त्यांची तयारी होती. “वाळलं गवत, हवं तितकं. आणि गोळी पेंड. हा बघा डबा.” त्यांनी खिशातून एक छोटा पत्र्याचा डबा काढला, कडेला खिळ्याने रेघ ओढलेला. “ह्या रेघेपर्यंत. सकाळी एक, संध्याकाळी एक. कमी नाही, जास्त नाही.”

“बस्स?”

“बस्स.”

बाईंनी कात्रीच्या टोकाने ताटात काहीतरी बाजूला काढलं. “हा मका. हे पीठ. आणि हा…” त्यांनी वास घेतला. “पाव. गवत नावालाच. मग हा काय बाजारात जाऊन खाऊन आला?”

भिंगरीने रिकाम्या खोक्याचं झाकण उगाच घट्ट लावलं.

“आमच्याकडे मका कुणी देत नाही,” बाबा म्हणाले. “शपथेवर सांगतो.”

“शपथ मला नको, पोटात दिसतंय. ऐका. दुधावरून नुकतं तुटलेलं पिल्लू म्हणजे नवी चूल. एकदम लाकडं कोंबलीत तर धूरच होणार. त्याच्या पोटाचं चाक गवतावर फिरतं. मका, पीठ, पाव पडला की आत आंबतं, वारा धरतो, विष होतं, आणि रात्रीत खेळ खलास. ही साथ नाही. ही मेजवानी आहे.”

“औषध?”

“आता औषध एकच, बाकी सगळं बंद. गवत आणि स्वच्छ पाणी. पेंडसुद्धा आठवडाभर नको, मग चिमटी-चिमटीने. उशीर झालेली राहणार नाहीत, बाकीच्यांच्या लेंड्या गोल, कोरड्या झाल्या की समजा पोट बरं. आणि घरात गाईम्हशीचं उरलेलं औषध असेल तर ते चुकूनही पाजू नका. काही औषधं सशाच्या तोंडावाटे गेली की उरलेलीही जातात.”

आबांची पुडी भिंगरीच्या डोळ्यांपुढे आली आणि तिच्या अंगावर काटा आला.

निघताना बाईंनी तिला थांबवलं. “पोरी, तू सारखी मेलेल्यांकडे बघतेयस. जगलेल्यांकडे बघ जरा. कोणती जगली?”

“टोकाच्या पिंजऱ्यातली,” भिंगरी म्हणाली. “सहाच्या सहा.” आणि स्वतःच दचकली. तिने रोज मोजलं होतं, पण हे पाहिलंच नव्हतं.

“मग त्यांच्याकडे काय नाही, ते शोध.”

*

त्यांच्याकडे काय नव्हतं? उलट त्यांच्याकडे एक जास्तच होता: कोतवाल.

कोतवाल हा आबांचा एडका. शिंगं दोन वेढे घेतलेली, डोळे पिवळे, स्वभाव बिघडलेला. टोकाच्या पिंजऱ्यापाशी त्याचा खुंटा होता. कुणी जवळ आलं की तो आधी मान खाली घालायचा, मग दोन पावलं मागे जायचा. तिसऱ्या पावलाला माणूस पळत सुटायचा. बाबा टोकाच्या पिंजऱ्याला पेंड घालायचे ती लांब काठीला डबा बांधून, आणि गवत टाकायचे ते आकड्याने. बाकी तिकडे कुणी फिरकत नसे.

परतीच्या वाटेवर बाबा सायकल हातात धरून चालत होते. मधेच थांबून म्हणाले, “कुणीतरी बाहेरचा घालतोय.”

“बाहेरचा?”

“नाहीतर मका कुठून आला? आपल्यावर जळणारा कुणीतरी. गावात दोघं-तिघं आहेत.” त्यांनी आवाज खाली आणला, आजूबाजूला झाडांशिवाय कुणी नव्हतं तरी. “उद्या तू शाळेत जाऊ नकोस. शेडच्या माळ्यावर गवतात बसून राहा. कोण येतं बघ. घरात कुणाला सांगू नकोस, आत्याला तर नाहीच. तिच्या शिवणयंत्रापेक्षा तोंड जास्त चालतं. डॉक्टरीण काय म्हणाली तेही नको. चोर पकडला की मग बोलू.”

“बाबा…”

“हं?”

पाव, पाव, पाव. जिभेवर आलेला शब्द तिने गिळला. “काही नाही.”

*

शुक्रवारी सकाळी भिंगरीने दप्तर घेतलं, “येते गं” म्हणून ओरडली, घराला वळसा घातला आणि शिडीने माळ्यावर चढली. बरोबर पितळी परात घेतली होती. चोराने घातलेलं लगेच काढून घ्यायला. पिल्लांनी अजून एक दाणा खाल्लेला तिला नको होता. आणि परातीत सगळ्यात आधी तिने स्वतःच्या डब्यातला अर्धा पाव कुस्करून ठेवला. मग गवतात पालथी पडली. गवत मानेला टोचत होतं, नाकात जात होतं. एका जागी बसणं हे तिच्या रक्तातच नव्हतं. भिंगरी नाव उगाच नव्हतं पडलं. शिंका तिने मनगटात चावून मारल्या.

बाबांनी डब्याने मोजून पेंड घातली. आजचा दिवस नेहमीसारखंच चालू दे, चोराला शंका नको, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी वर माळ्याकडे बघून हळूच मान हलवली आणि गेले. भिंगरीने टुणकन उतरून ताटल्यांतली पेंड निम्मी काढून घेतली आणि परत चढली.

उन्हं दाराशी आली तेव्हा दार किरकिरलं. भिंगरीने श्वास रोखला. चोर काठी टेकत आला.

आबा!

त्यांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं, आणि कोंबड्यांसाठी ठेवलेल्या मक्यातली एक मूठ खिशातून काढली. “घ्या रे लेकरांनो,” ते दाराजवळच्या पिंजऱ्यापाशी वाकून कुजबुजले. “कुणाला सांगू नका. तुमच्या वयाचा असताना मी पण उपाशी निजलोय.” उरलेली चिमूट मधल्या पिंजऱ्यात टाकली. टोकाकडे वळले, तर कोतवालाने मान खाली घातली. “तुझं चालू दे,” आबा म्हणाले आणि मागे फिरले.

भिंगरी खाली उतरली, मका वेचला. तिला हसायला येत होतं की रडायला, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

मग आई आली, गिरणीतून परस्पर, अजून पांढरी. कमरेच्या झोळीतून तिने भरड पिठाची मूठ काढली. “हं, पटकन,” ती म्हणाली. “पोरं जगली पाहिजेत. जगा गं बायांनो, माझ्यासाठी जगा.” आणि जाळीला कपाळ लावून क्षणभर तशीच उभी राहिली. आईला असं उभं राहिलेलं भिंगरीने कधी पाहिलं नव्हतं. घरात आई बसलेली किंवा पळत असलेलीच दिसायची.

दुपारी आत्या. मोजपट्टी गळ्यात, पदराखाली बिस्किटांचा पुडा. “हावरटा, तुला परवा दिलं होतं की,” ती एका पिल्लाला दटावत होती, “आता त्या बारक्याला खाऊ दे. बारक्या, ये रे. ह्या घरात गरिबाला कुणी विचारत नाही, मीच आहे तुला.” बारक्या काही आला नाही. दुसऱ्याच धटिंगणाने त्याला ढकललं आणि बिस्किट पळवलं. भिंगरीला एकदम दिसलं: जे सगळ्यात गुबगुबीत, सगळ्यात दांडगे, तेच आधी गेले होते. लाटसाहेब तर प्रत्येक मुठीला पहिला असायचा. किडमिडी मागे राहिली आणि म्हणूनच राहिली.

आत्या गेली. भिंगरीने बिस्किटं वेचली, अर्धी तर पिल्लं तिच्या हातातूनच पळवायला बघत होती.

आता संपलं, असं तिला वाटलं. तिची स्वतःची धरून चार मुठी, चार चोर. ती शिडीवर पाय ठेवणार, तर दार परत वाजलं.

बाबा आत आले. ते माळ्याकडे बघायचं विसरले. ताटल्या रिकाम्या बघून त्यांचा चेहरा उतरला. दुपारी पेंड घालायची वेळ नव्हती. तरी त्यांनी पोत्यात हात घातला, डबा न घेता, आणि वाकड्या अंगठ्याच्या त्या मोठ्या हाताची पसाभर पेंड दाराजवळच्या पिंजऱ्यात ओतली.

“खा रे,” ते म्हणाले. “पोटभर खा. मला जायला लावू नका.”

भिंगरी शिडीवर तशीच लटकली, एक पाय हवेत. बाबा जाईपर्यंत तिने तो पाय खाली टेकवला नाही.

*

संध्याकाळी दिवा लावला आणि सगळी जेवायला बसली. भिंगरीने पितळी परात आणून मधोमध ठेवली. दाणकन.

“हे काय जेवण?” आबा म्हणाले.

“सशांचं. एका दिवसाचं. आजच वेचलंय.”

परातीत कुस्करलेला पाव होता, मका होता, भरड पीठ होतं, बिस्किटाचे तुकडे होते, पेंडीचा ढीग होता. सगळ्यांची नजर आपापल्या मुठीवर गेली आणि तिथून उचलेना.

“डॉक्टरीणबाईंनी लाटसाहेबाचं पोट फाडलं,” भिंगरी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा किनरा निघाला, मग बसला. “आत हेच होतं. ह्यानेच सात मेली. साथ नाही, वारा नाही, पिंजरेही नाहीत. आणि आधी माझं सांगते, मग तुमचं बघू. हा पाव माझा. रोज अर्धा. लाटसाहेबाला मीच लाडावलं.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. “पाव तुझा?”

“माझा. काल सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.”

आत्या घसा खाकरून म्हणाली, “एवढ्याशा बिस्किटाने काय होतंय? मूठभर तर…”

“बिस्किटं तू देत होतीस?” आई म्हणाली. “आणि मला म्हणालीस पुडा उंदरांनी नेला!”

“आणि हे पीठ उडत आलं का गिरणीतून?”

“आणि मका?” दोघी एकदम आबांकडे वळल्या.

आबांनी काठी शोधायला सुरुवात केली. काठी त्यांच्या मांडीवरच होती. “कोंबड्यांना घालताना… सांडला असेल,” ते म्हणाले. “रोज. चुकून. पिंजऱ्यात.”

बाबा उठले. चेहरा रागाने काळवंडला होता. “मी इथे डब्याने मोजून घालतोय, रेघ ओढून, आणि तुम्ही सगळे माझ्या पाठीमागे…”

“बाबा,” भिंगरी म्हणाली. “ती पेंड बघा.”

त्यांनी बघितली. डब्याच्या रेघेत ती मावणारी नव्हतीच.

“दुपारची,” भिंगरी हळूच म्हणाली. “डब्याशिवायची.”

बाबा उभ्याचे खाली बसले. आपला हात त्यांनी उलटा-सुलटा करून पाहिला, जणू तो दुसऱ्याचा होता. मग आबांच्या नाकातून एक विचित्र आवाज आला. ते हसत होते. आधी आवाज न करता, खांदे हलवत, मग धो धो. “अरे, बिचाऱ्यांना शत्रू नव्हताच रे कुणी! आपणच पाच जणांनी मिळून… एकेकाने चोरून…” आणि हसता हसताच त्यांनी डोळे पुसले. आत्याने मोजपट्टीने पुसले. आई मात्र परातीकडे बघत राहिली आणि म्हणाली, “सात जीव. आपल्या मायेने.”

मग कुणी हसलं नाही.

“टोकाची सहा कशी जगली?” शेवटी बाबांनी विचारलं.

“तिथे माया करायला कोतवाल देत नाही,” भिंगरी म्हणाली. “म्हणून मी म्हणते, त्याचा खुंटा काढायचा आणि शेडच्या दारात ठोकायचा.”

*

शनिवारी सकाळी आणखी एक गेलं. शुक्रवारपासूनच ते कोपऱ्यात दात कराकरा खात, पाठीचं कुबड करून बसलेलं होतं. भिंगरीने त्याच्यापुढे गवताची हिरवी-पिवळी काडी धरून पाहिली होती, त्याने तोंड फिरवलं.

बाबांनी त्याला पुरलं. फावडं धुतलं. घरात जाऊन खुंटीवरची पिशवी काढली आणि तिच्यात दोन सदरे घातले.

“बाबा, ह्याने आधीच खाल्लेलं होतं,” भिंगरी दारात आडवी उभी राहिली. “बाई म्हणाल्या होत्या, उशीर झालेली राहणार नाहीत.”

“माहीत आहे.”

“मग?”

“ट्रक उद्या येतोय, भिंगरे. परवा नाही.”

त्या दिवशी घराला काही सुचत नव्हतं. हात रिकामे होते. आबा सारखे खिसे चाचपायचे. आत्याने एका झग्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. आई गवताच्या पेंढ्या उन्हात पसरून एकेक काडी अशी निवडत होती, जसे तांदूळच. काळी, बुरशी धरलेली काडी दिसली की बाजूला. पाण्याची भांडी तिने तीनदा विसळली. आणि दारात कोतवाल. त्याला नवी जागा भलतीच मानवली होती. छाती काढून उभा, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पिवळ्या डोळ्यांनी बघत. आत जायचं तर बाबांना त्याची दोरी काठीने आखडून धरावी लागायची, आणि भिंगरीने मधल्या वेळात सटकायचं.

*

रविवारी उजाडताच, कोतवाल पेंगत होता तोवरच, भिंगरी आत शिरली. बादली ठेवली. डोळे मिटले. उघडले. कान मोजायला लागली.

दाराजवळ चार. मधे दहा. टोकाला बारा.

सव्वीस. तिने परत मोजले, ह्या वेळी बोट लावून. सव्वीसच्या सव्वीस कान हलत होते. एक तर तिच्या बोटालाच लागून हलला. तेरा तोंडं गवत खात होती, करर्र करर्र, जसा कुणी कोऱ्या कापडाला कात्री लावतोय.

“बाबा!”

हाक ऐकून बाबा आले. पण फावडं नव्हतं हातात. पिशवी होती.

“तेरा,” भिंगरी म्हणाली. “कालची होती तेवढी. सगळी खातायत.”

बाबांनी पिशवी दारातच ठेवली आणि पिंजऱ्याखाली वाकले. जाळीखालच्या पाटीवर बघत राहिले. बाई म्हणाल्या होत्या, पोट बरं झालं की आधी तिथे कळतं. त्यांनी पाटीवरून काहीतरी चिमटीत उचललं, तळहातावर घेतलं, उजेडात आले. लेंड्या. मिरीच्या दाण्यासारख्या गोल, कोरड्या, वेगवेगळ्या.

दूर फाट्यावर ट्रकचा भोंगा वाजला. लांब, मग दोनदा आखूड.

बाबा तसेच उभे होते, तळहात पसरून, दाराकडे पाठ करून. आणि भोंग्याने जागा झालेल्या कोतवालाने ती पाठ पाहिली. तो दोन पावलं मागे गेला. भिंगरी ओरडायच्या आतच धप्प! बाबा गवताच्या ढिगात पालथे, पाय वर. तळहात मात्र त्यांनी मिटला होता. त्यांनी तोंडातलं गवत थुंकलं, मूठ उघडून पाहिली, आणि हसायला लागले. भिंगरीने बाबांना एवढं हसताना बघितलं नव्हतं. पाहुण्यासारखे यायचे तेव्हा ते पाहुण्यासारखेच हसायचे.

भोंगा परत वाजला.

बाबा उठले आणि फाट्याकडे चालत निघाले, गुडघ्याला गवत, पिशवी दारातच. भिंगरी मागून पळाली. मुकादम ट्रकच्या खिडकीतून अर्धा बाहेर आला होता.

“काय रे, सामान कुठंय? चल, बस लवकर.”

बाबांनी मूठ त्याच्यापुढे उघडली. “हे बघ.”

मुकादमाने मान पुढे काढून पाहिलं. “काय आहे हे?”

“लेंड्या.”

“लेंड्या?”

“गोल आहेत. कोरड्या आहेत.”

मुकादम बाबांकडे बघत राहिला. मग भिंगरीकडे वळला. “बाप बरा आहे ना तुझा?”

“एकदम बरा आहे,” भिंगरी म्हणाली. “येत नाहीयेत ते!”

“ती सांगतेय तेच खरं,” बाबा म्हणाले. “दुसरा माणूस घे. आणि उशीर केल्याबद्दल माफ कर, आधीच सांगायला हवं होतं.”

ट्रक गेला. धूळ खाली बसेपर्यंत दोघं रस्त्यावर उभी राहिली. बाबांनी लेंड्या टाकल्या नाहीत, सदऱ्याच्या खिशात ठेवल्या. परतताना ते म्हणाले, “आठवडाभर गवतच. मग चिमटी-चिमटीने. आणि पेंडीच्या पोत्याला कुलूप. किल्ली तुझ्याकडे.”

“आणि तुम्ही मागितलीत तर?”

“तर अजिबात द्यायची नाही.”

घराजवळ आली तर शेडच्या दिशेने एक आरोळी उठली, “अगं आई गं!” दोघं धावली. आबा जमिनीवर बसले होते, काठी एकीकडे, टोपी दुसरीकडे. त्यांच्या उघड्या मुठीतून मका चहूकडे उधळला होता आणि कोंबड्या तो टिपत होत्या. कोतवाल दारात उभा होता, शिंगं वर करून.

“चुकून,” आबा म्हणाले.